पोट भरलेले मांजर शिकार का करते?

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत मांजर असते ते बहुधा धान्य राखण्यासाठी. दिवसा ओसरीवर, रात्री शेताच्या धुऱ्यावर असा त्याचा संचार. दूधभात दिला की ते पाखरांना त्रास देणार नाही, असा आपला समज असतो. तो खरा आहे काय?

१९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मांजरे आवडीचे अन्न खात असताना त्यांच्यापुढे जिवंत उंदीर सोडण्यात आला. मांजरांनी खाणे थांबवून उंदीर मारला आणि मग पुन्हा अन्नाकडे मोर्चा वळवला. मांजराची शिकार लहान असते आणि झडप अनेकदा फसते. भूक लागेपर्यंत थांबणारे मांजर उपाशी राहील. म्हणून भूक आणि शिकारीची प्रेरणा या गोष्टी त्याच्यात बऱ्याच अंशी स्वतंत्र असतात.

मांजराने घरी काय आणले याची महिनाभर नोंद विद्यार्थ्यांना सहज ठेवता येईल. मात्र ही नोंद अपुरी असते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पाळीव मांजरांच्या गळ्यात लहान कॅमेरे बांधून अभ्यास झाला (२०१३). दर १०० शिकारींपैकी सुमारे २३ घरी आल्या, २८ खाल्ल्या गेल्या आणि ४९ जागेवरच टाकून दिल्या गेल्या. म्हणजे आपल्याला दिसतो तो जेमतेम पाव हिस्सा!

आपल्याकडे टिटवी उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालते. बोर व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत आणखी एक प्रश्न आहे. पाळीव मांजरांचे काही संसर्गजन्य रोग रानमांजरांना होऊ शकतात, आणि भटकणारे मांजर स्वतःच बिबट्याचे भक्ष्य ठरू शकते.

मग मांजर कायमचे कोंडावे काय? दारे सताड उघडी असणाऱ्या घरात ते जमणारे नाही. पण रात्री ते घरात किंवा धान्याच्या खोलीत ठेवता येते. उंदीरही रात्रीच बाहेर पडतात, म्हणजे राखणीचे काम बुडत नाही. इंग्लंडमधील २०२१ च्या अभ्यासात, रोज ५ ते १० मिनिटे खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारी २५ टक्क्यांनी घटल्या. मांसयुक्त आहाराने ३६ टक्क्यांनी. घुंगरू बांधल्याने मात्र लक्षणीय फरक पडला नाही. याच्या जोडीला नसबंदी आणि रेबीजची लस हवी. मांजराचा स्वभाव बदलत नाही. त्याच्या बाहेर जाण्याची वेळ मात्र आपण ठरवू शकतो.