सीमाप्रश्न : रस्त्यावरून न्यायालयात

कोल्हापूरला रस्त्यावरचा लढा नवा नाही. शहरातील टोलविरोधी आंदोलन न्यायालयातही गेले होते. पण ते निकाली निघाले रस्त्यावरच. २०१५ च्या अखेरीस राज्य शासनाला टोल रद्द करावा लागला. या आंदोलनाच्या अग्रभागी असलेले कोल्हापूरचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील सीमालढ्यातही अखेरपर्यंत होते. तेथे मात्र मोर्चे, सत्याग्रह, हुतात्मे सारे होऊनही महाराष्ट्राला २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. असे का व्हावे?

टोलचा निर्णय मुंबईतील सरकारच्या हाती होता आणि त्या सरकारला कोल्हापूरची मते हवी होती. सीमाभागाचे तसे नाही. कोल्हापूरपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवरील निपाणीचा मराठी माणूस मत देतो ते कर्नाटकात; त्या विधानसभेत तो कायमच अल्पसंख्य. महाराष्ट्र एकीकरण समितीने दशकानुदशके आमदार निवडून दिले, पण त्या सभागृहाचे बहुमत या मागणीला अनुकूल होणे कधीच शक्य नव्हते. बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला, तेव्हा २००५ मध्ये महापालिकाच बरखास्त झाली. पुढे मतपेटीही साथ देईना. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही आमदार आला नाही.

राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. दोन मोठ्या राज्यांपैकी एकाचा रोष ओढवून घेण्याची हौस दिल्लीतील कोणत्याच सरकारला नसते. सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याने निपाणी, खानापूर महाराष्ट्राला देऊ केले, बेळगाव मात्र कर्नाटकातच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तो शिरोधार्य मानला, संसदेने काहीच केले नाही.

न्यायालयात डोकी मोजली जात नाहीत आणि प्रतिवादीला उत्तर द्यावेच लागते. घटनेच्या १३१ व्या कलमानुसार राज्याराज्यांतील वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतो. राज्य पुनर्रचना कायद्यातील तरतुदींना आव्हान देऊन महाराष्ट्राने बेळगाव, कारवार, निपाणीसह ८१४ गावांवर हक्क सांगितला. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या चार सूत्रांवर ही मागणी उभी आहे. सभांमधून वर्षानुवर्षे मांडली गेलेली व्यथा त्यामुळे जनगणनेच्या आकड्यांत आणि पुराव्यांत मांडावी लागली. सीमेचा निर्णय संसदेचा आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येणार नाही, असा कर्नाटकाचा आक्षेप आहे. आणि तो क्षुल्लक म्हणून झटकता येण्यासारखा नाही.

या मार्गाची किंमतही आहे. दाव्याला वीस वर्षे पूर्ण झाली तेव्हाही निकाल लागलेला नव्हता. दरम्यान 'न्यायप्रविष्ट' हा शब्द राजकारण्यांच्या फारच सोयीचा ठरला. १४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावले. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणीही परस्परांच्या भागावर दावा करू नये, असे ठरले. दोन आठवडेही उलटले नाहीत तोच महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांची इंच न् इंच जमीन मिळवण्याचा ठराव केला. प्रा. पाटील जानेवारी २०२२ मध्येच निवर्तले होते. निपाणीतील ज्यांनी तरुणपणी सत्याग्रहात तुरुंगवास भोगला, त्यांची नातवंडे आता त्याच दाव्याच्या तारखा मोजत आहेत.