दाजीपूरचे रान आणि गवा

मित्रांनो, आणि भित्तीपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर दाजीपूरचे जंगल आहे. पूर्वी ते कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी राखीव झाले. महाराष्ट्रातले हे सर्वांत जुने अभयारण्य. १९८५ साली त्याची हद्द वाढली आणि राधानगरी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, त्यात राधानगरीही आहे.

इथे बिबट्या, अस्वल, सांबर, भेकर, पिसोरी अन् शेकरू राहतात. जांभूळ, अंजनी, हिरडा ही झाडे दाट आहेत.

गवा मात्र इथला मुख्य प्राणी. काहीजण त्याला रानरेडा म्हणतात, पण तो रेडा नव्हे, गाईच्या कुळातला आहे. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो. गुडघ्याखाली पाय पांढरे असतात, जणू मोजेच घातलेत! तो गवत, पाला, बांबूचे कोंब खातो. कळपाने राहतो आणि माणसाला टाळतो.

कोणी म्हणेल, जंगल तिकडे, आपल्याला त्याचे काय? तर ऐका. पावसाचे पाणी पालापाचोळ्यात व मातीत मुरते आणि झऱ्यांतून हळूहळू ओढ्याला येते. तेच भोगावती नदीत, राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणात साठते. पुढे भोगावती पंचगंगेला मिळते. म्हणजे आपला ऊस, भात आणि प्यायचे पाणी या रानावर अवलंबून आहे.

आता अडचण अशी, की गवे कधी कधी शिवारात येतात. एका रात्रीत पीक तुडवले जाते. शेतकऱ्याचे नुकसान खरेच असते. पण गवा दिसला की लोक गर्दी करतात, ओरडतात, मागे धावतात. त्याने तो बिथरतो आणि माणसाच्या अंगावर येतो. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये असाच एक गवा शिरला. लोक मागे लागले. धावून धावून तो दमला, आणि पकडल्यावर मेला.

म्हणून गवा दिसला तर लांबच थांबावे. दगड मारू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये, कुत्री सोडू नयेत. त्याची जंगलाकडची वाट मोकळी ठेवावी आणि लगेच वनखात्याला कळवावे. पीक गेले असेल तर पंचनामा करून घ्यावा, सरकारकडून भरपाई मिळते.

गवाही जगावा, शेतकरीही जगावा. आजच घरी जाऊन सर्वांना सांगा बरं का!

— इयत्ता सातवी