अणुवीज केंद्रातील ऑपरेटरचा परवाना : तयारी कशाची आणि कशी?

वायरमनचा परवाना, बॉयलर अटेंडंटचा दाखला, जड वाहनाचे लायसन्स या गोष्टी आमच्या कारागीर वाचकांना नव्या नाहीत. परीक्षा दिली, कागद हाती आला की त्याच्या जोरावर माणूस कोठेही काम धरू शकतो. अणुवीज केंद्र चालविण्याचा परवाना मात्र या जातीचा नाही. तो बाजारात क्लास लावून मिळत नाही, एका केंद्राचा दुसऱ्या केंद्रात चालत नाही आणि एकदा मिळाला म्हणून जन्मभर टिकतही नाही. आयटीआय, डिप्लोमा किंवा बारावी सायन्स केलेली मुले ज्यांच्या घरी आहेत, त्या पालकांना या परीक्षेची नीट माहिती असावी, म्हणून हा लेख.

परवाना माणसाला, पण यंत्रापुरता

पालघर जिल्ह्यातील तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. देशातील ते पहिले. तेथील पहिले दोन संच अमेरिकन बनावटीचे, साध्या पाण्यावरचे आहेत. २००५ आणि २००६ साली सुरू झालेले पुढचे दोन संच देशी बनावटीचे, प्रत्येकी ५४० मेगावॅटचे, जड पाण्यावरचे आहेत. म्हणजे एकाच आवारात दोन अगदी वेगळी यंत्रे. एकाची नाडी ओळखणाऱ्याला दुसऱ्याची ओळखता येईलच असे नाही. साधा माग चालविणाऱ्याला जॅकार्डवर लगेच बसवत नाहीत, तसेच हे. म्हणून परवाना विशिष्ट केंद्रासाठी आणि विशिष्ट पदासाठी दिला जातो.

आपल्या देशात अणुवीज केंद्रे चालविण्याचे काम मुख्यतः न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी करते, आणि सुरक्षेवर देखरेख १९८३ साली स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. दोघांचीही मुख्यालये मुंबईत आहेत. नियंत्रण कक्षात बसणारा कंट्रोल इंजिनियर, त्याच्या वरचा असिस्टंट शिफ्ट चार्ज इंजिनियर आणि पूर्ण पाळीचा प्रमुख असलेला शिफ्ट चार्ज इंजिनियर या जागांवर परवाना नसलेला माणूस बसू शकत नाही. त्यांच्या हाताखाली पंप, व्हॉल्व्ह, टर्बाइन यांच्याजवळ फिरून काम करणाऱ्या ऑपरेटरांनाही केंद्रातील अंतर्गत परीक्षा पास व्हावे लागते.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ही परीक्षा बाहेरच्या उमेदवारासाठी नसते. आधी नोकरी, मग प्रशिक्षण, मग परवान्याची परीक्षा, असा क्रम आहे. पदवीधर इंजिनियर बहुधा गेट परीक्षेच्या गुणांवर निवडले जातात. डिप्लोमा किंवा बीएस्सी झालेल्यांना, तसेच आयटीआय किंवा बारावी सायन्सवाल्यांना विद्यावेतनावर प्रशिक्षणार्थी म्हणून घेतले जाते. वय, टक्केवारी, ट्रेड यांच्या अटी दर वेळी जाहिरातीत छापलेल्या असतात, त्या मूळ जाहिरातीत वाचाव्यात. ‘अमुक रक्कम द्या, परवान्यासकट नोकरी लावून देतो’ असे कोणी म्हणाले तर तो दलाल खोटे बोलतो आहे, हे ओळखण्यास एवढी माहिती पुरेशी आहे.

अंधारात व्हॉल्व्ह सापडला पाहिजे

इतकी कडक परीक्षा कशासाठी, याचे उत्तर आपल्याच देशात घडलेल्या एका घटनेत आहे. ३१ मार्च १९९३ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्राच्या पहिल्या संचात टर्बाइनची पाती तुटली. जनित्र थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा हायड्रोजन वायू पेटला, आग केबलांमधून पसरली आणि संचाचा सगळा वीजपुरवठा गेला. नियंत्रण कक्षात धूर भरल्याने तेथून बाहेर पडावे लागले. वीज सुमारे १७ तास नव्हती.

भट्टी कर्मचाऱ्यांनी पहिल्या मिनिटातच बंद केली होती. पण पुढचे काम हातानेच करायचे होते. काहीजण बॅटरीच्या उजेडात इमारतीच्या माथ्यावर चढले आणि भट्टी पुन्हा जागी होऊ नये म्हणून बोरॉनचे द्रावण आत सोडणारे व्हॉल्व्ह त्यांनी हातांनी उघडले. काहींनी डिझेलवर चालणारे आग विझविण्याचे पंप सुरू करून त्यांचे पाणी बाष्पजनित्रांकडे वळविले. भट्टी शाबूत राहिली, किरणोत्सर्गाची इजा कोणालाही झाली नाही.

कोणता व्हॉल्व्ह कोणत्या मजल्यावर आहे आणि तो उघडल्याने काय होते, हे त्या रात्री पुस्तक उघडून पाहण्याची सोय नव्हती. परवान्याची परीक्षा मुळात हेच तपासते. म्हणून ती नुसत्या कागदावर होत नाही.

परीक्षेचे टप्पे

पहिला टप्पा लेखी. त्यात मूलतत्त्वे आणि त्या केंद्रातील यंत्रणा या दोहोंवर प्रश्न असतात. दुसरा टप्पा चेकलिस्टचा. प्रत्येक यंत्रणेची कामे प्रत्यक्ष करून किंवा समजावून दाखवायची आणि जाणकार अधिकाऱ्याची सही घ्यायची. तिसरा टप्पा प्रत्यक्ष फिरून दाखविण्याचा. परीक्षक उमेदवाराला केंद्रात नेतो आणि ‘हा पंप कोणत्या विजेवर चालतो? ती गेली तर काय?’ असे विचारत जातो. चौथा टप्पा सिम्युलेटरचा. हा हुबेहूब नियंत्रण कक्षासारखा असतो, मागे मात्र भट्टीऐवजी संगणक असतो. त्यावर बिघाड घडवून आणतात आणि उमेदवार काय करतो ते पाहतात. शेवटी तज्ज्ञांच्या समितीपुढे तोंडी परीक्षा. वैद्यकीय तपासणी वेगळीच. परवान्याची मुदत ठरलेली असते. ती संपण्यापूर्वी उजळणीचे प्रशिक्षण आणि पुन्हा परीक्षा असते.

बाहेरच्या देशातील कसोटी कशी आहे, हेही पाहू. अमेरिकेत या परीक्षेचे नियम जाहीर छापलेले आहेत. तेथे मूलतत्त्वांची प्राथमिक परीक्षा वेगळी असते. त्यानंतर केंद्राच्या लेखी परीक्षेत ऑपरेटरला ७५ आणि सीनियर ऑपरेटरला १०० प्रश्न असतात, आणि पास होण्यास ८० टक्के गुण लागतात. आपल्या शाळांत ३५ टक्क्यांना पास म्हणतात, हे लक्षात घेतले म्हणजे फरक कळेल. परवाना ६ वर्षांचा असतो. त्या काळातही दरवर्षी कामाची चाचणी द्यावीच लागते.

ही कडक शिस्त तेथेही ठेच लागल्यावर आली. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील थ्री माइल आयलंड केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि अडकून राहिला. नियंत्रण कक्षातील दिवा पाहून ऑपरेटरांनी तो बंद आहे असे धरले. प्रत्यक्षात तो दिवा व्हॉल्व्हची स्थिती दाखवीत नव्हता. बंद होण्याचा विद्युत आदेश गेला, एवढेच तो सांगत होता. दोन तासांहून अधिक काळ पाणी जात राहिले. भट्टीत पाणी जास्त झाले अशा समजुतीने ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणीही कमी केले, आणि भट्टीचा जवळजवळ निम्मा गाभा वितळला. त्यानंतर सिम्युलेटरवरील सरावाला आणि ऑपरेटरांच्या परीक्षांना फार महत्त्व आले.

प्रश्न कसे समजून घ्यावे

पाठांतराने येथे भागत नाही, हे दोन उदाहरणांवरून दिसेल.

समजा विचारले, ‘भट्टी बंद केली, मग पंप चालू का ठेवायचे?’ चुलीतले लाकूड ओढले तरी निखारा धगधगत राहतो. भट्टीतही साखळी प्रक्रिया थांबल्यावर किरणोत्सारी पदार्थांच्या क्षयातून उष्णता निघत राहते. बंद होताक्षणी ती पूर्ण उष्णताशक्तीच्या सुमारे ६ ते ७ टक्के असते, तासाभराने सव्वा-दीड टक्क्यांवर येते. आकडा लहान वाटतो. पण ५४० मेगावॅट वीज देणाऱ्या संचाची भट्टी वीजेच्या सुमारे तिप्पट, म्हणजे १,७०० मेगावॅटच्या आसपास उष्णता देते. तिचे ६ टक्के म्हणजे सुमारे १०० मेगावॅट. एवढी उष्णता वाहून नेली नाही तर इंधन वितळेल. २०११ साली जपानच्या फुकुशिमात हेच झाले. भट्ट्या बंद झाल्या होत्या, पण थंड करण्याची साधने निकामी झाली.

दुसरा प्रश्न, ‘अचानक बंद पडलेली भट्टी लगेच सुरू का होत नाही?’ भट्टीत आयोडीनपासून झेनॉन नावाचा वायू तयार होतो. तो साखळी प्रक्रियेला लागणारे न्यूट्रॉन गिळून टाकतो. भट्टी चालू असताना तो जळतही राहतो. बंद पडली की जळणे थांबते, तयार होणे चालूच राहते, आणि दहा-अकरा तासांनी त्याचे प्रमाण सर्वाधिक होते. जड पाण्याची भट्टी पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपास सुरू करता आली नाही, तर साधारण दीड दिवस वाट पाहावी लागते. येथे घाई करणे किती महाग पडते, हे २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलला दिसले. झेनॉन साठलेली भट्टी जोर धरत नाही म्हणून तेथील पाळीने जवळजवळ सगळे नियंत्रक दांडे बाहेर ओढले होते. भट्टीच्या रचनेतही दोष होते, आणि शेवटी स्फोट झाला.

तयारी कशी करावी

पहिले काम पायाचे. उष्णता, वाफ, दाब, विजेचे सर्किट, पंप का गुरगुरतो, ब्रेकर का पडतो, हे दहावी-बारावीच्या आणि ट्रेडच्या पुस्तकांतले धडे पक्के करावेत. नवीन विद्या याच्यावरच उभी राहते. किरणांपासून बचावाचे तीन नियमही याच पायात येतात. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. लहान स्रोतापासून अंतर दुप्पट केले तर मात्रा चौथाईवर येते. आपल्या देशात कामगाराला एका वर्षात ३० आणि पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट अशी कमाल मर्यादा आहे. हे आकडे ऑपरेटरला झोपेतही आठवले पाहिजेत.

दुसरे काम आराखड्यांचे. प्रशिक्षणात यंत्रणा एकेक करून हाती घ्यावी. तिचा उपयोग काय, पाणी कोठून येते व कोठे जाते, वीज कोठून मिळते, ती आपोआप केव्हा बंद पडते आणि बंद पडली तर पर्याय कोणता, ही पाच उत्तरे आराखडा न पाहता कागदावर काढता आली पाहिजेत. मग तोच आराखडा घेऊन प्रत्यक्ष जागेवर जावे आणि बोट ठेवून प्रत्येक व्हॉल्व्ह ओळखावा.

तिसरे काम भाषेचे. कार्यपद्धतीची पुस्तके इंग्रजीत असतात. मराठी किंवा उर्दू माध्यमातील मुले येथे घाबरतात. अस्खलित बोलता येण्याची गरज नाही, पण लेखी सूचना शब्दशः समजलीच पाहिजे. ‘असेल तर’, ‘नसेल तर’, ‘तोपर्यंत’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांत गोंधळ झाला तर व्हॉल्व्ह चुकीचा उघडतो.

चौथे काम सवयीचे. नियंत्रण कक्षात हुकूम मिळाला की ऐकणारा तो मोठ्याने परत म्हणतो, आणि सांगणारा ‘बरोबर’ म्हणाल्यावरच हात पुढे जातो. हाताने करण्याआधी यंत्रावरील क्रमांक वाचतात. लॉगबुकात खाडाखोड चालत नाही. चुकले तर एक रेघ मारून शेजारी सही करतात, म्हणजे मूळ आकडा दिसत राहतो. रोजमेळ नीट लिहिणाऱ्या आमच्या व्यापारी वाचकांना याचे मोल सांगायला नको.

पाचवे काम सहीचे, आणि आमच्या मते हेच सर्वांत मोठे. चेकलिस्टवर न पाहिलेल्या यंत्रासाठी ओळखीने सही मिळवणे एखाद्याला सोपे वाटेल. पण नरोरासारखी रात्र आली तर अंधारात ती सही उपयोगी पडत नाही. कारखान्यात उस्ताद शागिर्दाला ‘आता तू एकटा कर’ म्हणतो, तेव्हा त्याने शंभर वेळा त्याचा हात पाहिलेला असतो. परवान्याची परीक्षा हीच जुनी रीत आहे, फक्त तिला लेखी नियमांची जोड आहे. ‘मला माहीत नाही, पाहून सांगतो’ असे म्हणणाऱ्या उमेदवारापेक्षा अंदाजाने उत्तर ठोकणारा येथे जास्त धोकादायक समजला पाहिजे.

ज्या पालकांची मुले फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक या ट्रेडमध्ये शिकत आहेत, त्यांनी आजपासून दोन गोष्टी कराव्यात. मुलाला गणित आणि विज्ञानाचा रोज एक तास द्यावा, आणि त्याने वर्कशॉपमध्ये केलेल्या प्रत्येक कामाची तारीखवार नोंद त्याच्याच हाताने ठेवायला लावावी. भरतीची जाहिरात कंपनीच्या अधिकृत ठिकाणीच पाहावी, दलालाच्या हाती एक पैसाही देऊ नये. निवड झाली नाही तरी ही तयारी वाया जाणार नाही, कारण बॉयलर असलेला किंवा मोठे यंत्र चालविणारा कोणताही कारखाना असाच माणूस शोधत असतो.