पगार नाही, उलट वर्गणी!

चिलीमध्ये कुणाच्या घराला आग लागली, तर बंबातून उड्या मारणाऱ्यांत शाळामास्तर असेल, बँकेतला कारकून असेल, कॉलेजातली पोरगी असेल. पगारी जवान मात्र नसेल! गावोगावची अग्निशमन दलं तिथे स्वयंसेवकच चालवतात. अशी ३०० हून अधिक दलं आहेत. बऱ्याच केंद्रांत ड्रायव्हरला तेवढा पगार मिळतो. बाकीचे बोंबेरो, म्हणजे अग्निशामक, आपल्या तुकडीला दरमहा वर्गणी देतात. जीव धोक्यात घालायचा आणि वर पदरचे पैसेही द्यायचे!

सुरुवात वाल्पाराइसो बंदरातली, १८५१ सालची. आदल्या डिसेंबरात मोठी आग लागली होती आणि बंदरात व्यापारी होते देशोदेशीचे. मग जर्मनांनी आपली तुकडी काढली, फ्रेंचांनी आपली, पुढे इटालियन, स्पॅनिश, इंग्रज आले. त्या तुकड्या आजही आहेत, जुन्या नावांसकट.

राजधानी सांतियागोला मात्र फार मोठी किंमत मोजावी लागली. ८ डिसेंबर १८६३. ‘ला कोम्पान्यिया’ चर्च सणासाठी दिव्यांनी सजलेलं, आत खच्चून गर्दी, बायकांचे घोळदार झगे. एका दिव्याने सजावट पेटली, दारं गर्दीने कोंडली आणि दोन हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक बायकाच.

तीनच दिवसांनी होसे लुईस क्लारो या तरुणाने वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात दिली: अग्निशमन तुकडी काढायची आहे, इच्छुक तरुणांनी १४ तारखेला जमावं. तरुण जमले, आणि २० डिसेंबरला दल उभंही राहिलं. आगीनंतर अवघ्या बाराव्या दिवशी! शोकसभेवर न थांबलेल्या या शहराचं मला फार कौतुक वाटतं.

त्या चर्चच्या घंटांची कथा तर सिनेमात शोभावी. जळक्या चर्चमधल्या घंटा विकल्या गेल्या आणि पोचल्या थेट ब्रिटनमधल्या वेल्समध्ये. तिथल्या ऑयस्टरमाउथच्या चर्चमध्ये त्यांतल्या तीन लागल्या. २०१० साली, चिलीच्या स्वातंत्र्यलढ्याच्या द्विशताब्दीला, त्या सन्मानाने मायदेशी परतल्या.

सांतियागोच्या दलाचा पहिला हुतात्मा इटालियन वंशाचा: हेर्मान तेंदेरिनी. १८७० साली म्युनिसिपल थिएटरची आग विझवताना तो गेला. तारीख पुन्हा ८ डिसेंबरच! थिएटरशेजारच्या रस्त्याला आज त्याचंच नाव आहे.

सगळ्यात मोठा घाव बसला १ जानेवारी १९५३ च्या रात्री. वाल्पाराइसोत लाकडाची वखार पेटली होती, शेजारी स्फोटकांचा साठा होता. स्फोटात ३६ स्वयंसेवक ठार झाले. बोंबेरोंची अंत्ययात्रा इथे रात्री निघते, हातात मशाली घेऊन.

२०१० च्या भूकंपात कोन्सेप्सियोन शहरात १५ मजली इमारत आडवी झाली, तेव्हा ढिगाऱ्यात शिरले तेही हेच लोक.

आणि रात्रीबेरात्री इतक्या लवकर पोचतात कसे? काही जण केंद्रातच झोपतात. त्यांत बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं बरीच. दिवसा लेक्चर, रात्री पहारा! नोकरदारांची काळजी कामगार कायद्याने घेतली आहे. आगीची वर्दी आली की बोंबेरोने कामावरून उठून जावं. तो वेळ कामाचाच धरला जातो, साहेबाला पगार कापता येत नाही.