लंडनच्या मंडईशेजारचा मोहल्ला

लंडनच्या पूर्व भागातील स्पिटलफील्ड्स मंडई फार जुनी. राजा दुसरा चार्ल्स याने १६८२ साली येथे बाजार भरविण्याची सनद दिली. तीनच वर्षांनी फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंट प्रजेचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले, आणि ह्यूगेनॉट नावाने ओळखले जाणारे हे लोक मोठ्या संख्येने मंडईच्या आसपास येऊन राहिले. बरोबर रेशीम विणण्याचा हुन्नर होता. माळ्यावर माग आणि उजेडासाठी लांबरुंद खिडक्या, अशी त्यांची काही घरे अजून उभी आहेत. मागाशी नाते असलेल्या आमच्या वाचकांना त्या खिडक्यांचे मोल सांगायला नको.

मजुरीवरून दंगे झाले, तेव्हा १७७३ च्या कायद्याने विणकरांची मजुरी ठरवून देण्याची सोय केली. तो कायदा १८२४ साली रद्द झाला. पुढे १८६० च्या तहाने फ्रेंच रेशमावरील जकात उठली आणि उरलेसुरले मागही थंडावले.

मग रशिया-पोलंडकडचे यहुदी आले, त्यांनी शिवणकाम धरले. त्यांच्यामागून सिल्हेटचे बंगाली मुसलमान आले. यांचे पहिले लोक बोटींवरचे खलाशी. कपड्यांच्या आणि चामड्याच्या कारखान्यांत ते राबले, नंतर ब्रिक लेनवर त्यांनी खानावळी थाटल्या. याच रस्त्यावरची एक इमारत १७४३ साली ह्यूगेनॉटांचे प्रार्थनामंदिर म्हणून बांधली गेली. १८९८ मध्ये ती यहुद्यांकडे गेली आणि १९७६ पासून ती मशीद आहे.

हे सारे सुखासुखी झालेले नाही. ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली हा तरुण कापड कामगार कामावरून घरी परतताना वर्णद्वेषातून मारला गेला. दहा दिवसांनी हजारो बंगाली त्याच्या शवपेटीमागून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. जवळच्या बागेला आज त्याचे नाव आहे.

१९९१ साली फळ-भाजीची घाऊक मंडई लेटन भागात हलली. शेजारच्या बँका आणि कचेऱ्या पुढे सरकल्या, भाडी चढली. आमच्या मते खरी मेख इथेच आहे: हुन्नर कारागिराचा, पण गाळा बहुधा दुसऱ्याचा. वॉर्डाच्या नावात ‘बांगलाटाउन’ हा शब्द २००२ पासून आहे. ब्रिक लेनवर मात्र सन २००० नंतरच्या दशकात साठेक बंगाली खानावळी होत्या, त्या २०२० च्या सुरुवातीस तेवीस उरल्या.