एकतीस दिवसांचे मंत्रिमंडळ

संसदीय राज्यपद्धतीत मंत्रिमंडळाचे आयुष्य विधानसभेच्या विश्वासावर अवलंबून असते. हा विश्वास मोजावयाचा कोठे, राजभवनात की सभागृहात, हा प्रश्न १९८४ साली हैदराबादेत ऐरणीवर आला.

अमेरिकेत हृदयावरील शस्त्रक्रिया करून घेऊन आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री एन. टी. रामाराव नुकतेच परतले होते. १६ ऑगस्ट रोजी राज्यपाल रामलाल यांनी त्यांना पदच्युत केले आणि त्यांचेच अर्थमंत्री नादेंडला भास्करराव यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. तेलुगू देसममधून फुटलेला गट आणि त्यास काँग्रेसचा पाठिंबा, या जोडणीवर नवे मंत्रिमंडळ उभे होते. २९४ आमदारांच्या सभागृहात बहुमतास १४८ हवेत. रामारावांनी १६० हून अधिक आमदार दिल्लीस राष्ट्रपतींपुढे उभे केले. तरीही भास्कररावांना बहुमत सिद्ध करण्यास महिन्याची मुदत मिळाली. मुदत लांबली की फोडाफोडीस अवसर मिळतो. म्हणून रामारावांनी आपले आमदार कर्नाटकात नेऊन ठेवले.

लोकमत खवळले. रामलाल गेले, शंकर दयाळ शर्मा राज्यपाल झाले. सभागृहाचा विश्वास एकदाही न मिळविता ते मंत्रिमंडळ मावळले आणि १६ सप्टेंबरला रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले.

१९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. परंतु एकतृतीयांश आमदारांच्या फुटीस त्यात असलेली मुभा २००३ पर्यंत टिकली. बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. मतदार एकदा कौल देतो. त्याची मोजदाद बंद दाराआड होऊ लागली, तर त्या कौलास अर्थ उरत नाही.