‘मूळचा’ आणि ‘नागरिक’ : दोन खेळाडू, दोन कायदे

‘मूळचा भारतीय’ आणि ‘भारतीय’ यांत आपण बोलताना सहसा भेद करीत नाही. कायदा मात्र करतो. पित्याच्या देशाकडून खेळू इच्छिणाऱ्या खेळाडूस हा भेद किती महाग पडतो, हे दोन फुटबॉलपटूंच्या तुलनेवरून ध्यानात येईल.

पिएर-एमरिक ऑबामेयांग याचा जन्म १९८९ मध्ये फ्रान्समधील लावाल येथे झाला. त्याचे वडील गॅबन संघाचे कर्णधार होते. २००९ मध्ये, १९ वर्षांचा असताना, तो गॅबनकडून खेळू लागला. त्यासाठी फ्रेंच नागरिकत्व सोडण्याचा प्रसंग त्याच्यावर आला नाही.

अराता इझुमी १९८२ मध्ये जपानात जन्मला. पिता भारतीय, माता जपानी. भारतात येऊन तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून व नंतर पुणे एफ. सी.कडून खेळला. परंतु भारतीय संघात स्थान मिळण्यास भारतीय पारपत्र आवश्यक असते, आणि आपल्या कायद्यास दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. सबब २०१२ मध्ये त्याने जपानी नागरिकत्वाचा त्याग केला. २०१३ मध्ये तो भारताकडून प्रथम खेळला, तेव्हा त्याचे वय ३० होते.

वंशसंबंध दोघांचाही सारखाच होता. तथापि एकास त्याच्या आधारे तारुण्याची सारी वर्षे मिळाली. दुसऱ्याच्या वाट्यास त्यांचा शेवट तेवढा आला.